नसलेल्या ग्रहाची जमीन कशी घडवायची

काल्पनिक ग्रहाचा नकाशा खोटा आहे हे बहुतेक वेळा नदीच सांगते. ती एका तळ्यातून निघते, सपाटीवर तिला दोन फाटे फुटतात आणि ते दोन वेगळ्या समुद्रांना जाऊन मिळतात. मग नजर डोंगरांकडे जाते. ते खंडभर सारख्याच अंतरावर, सारख्याच उंचीचे उभे असतात. किनारा उत्तरेला जेवढा दंतुर, तेवढाच दक्षिणेला. बघणाऱ्याला भूगोलातलं काही कळत नसलं तरी हे खटकतं. खरी जमीन अशी नसते, हे एकदा एसटीने घाट उतरलेल्या कोणालाही माहीत असतं.

असे नकाशे करणारे लोक बरेच आहेत: कादंबरी लिहिणारे, गेम बनवणारे, आणि एखादं जग मनासारखं उभं करायची हौस असणारे. संगणकावर उंचसखल जमीन काढणं आता मिनिटाभराचं काम आहे. तरी ती पटत नाही, कारण आधी उंची ठरते आणि ती तिथे का आहे हा प्रश्न नंतर पडतो, किंवा पडतच नाही. माझं म्हणणं असं की हा क्रम उलटा हवा. आधी जमिनीखाली काय चाललंय ते ठरवायचं, मग वारा आणि पाऊस, मग पाण्याने केलेली झीज. आणि ज्याला आपण सगळ्यात आधी हात घालतो ती संगणकी खडबड सगळ्यात शेवटी.

बोलायला सोपं जावं म्हणून एक ग्रह घेऊ. त्याचं नाव अरुणा. त्रिज्या ५,१०० किमी, म्हणजे पृथ्वीच्या साधारण ८० टक्के. घनता पृथ्वीइतकीच धरली तर गुरुत्वाकर्षणही ८० टक्केच भरतं. विषुववृत्ताचा घेर सुमारे ३२,००० किमी. पाणी आहे, हवा आहे, दिवस २४ तासांचा आहे.

नॉइज काय देतो आणि काय देत नाही

संगणकात जमीन ठेवतात ती हाइटमॅपच्या रूपात. हाइटमॅप म्हणजे उंचीचं काळंपांढरं चित्र: प्रत्येक पिक्सेलला एक आकडा, काळा म्हणजे खोल, पांढरा म्हणजे उंच. हे चित्र भरायची सगळ्यात प्रचलित रीत म्हणजे नॉइज, म्हणजेच वर म्हटलेली संगणकी खडबड. केन पर्लिन हा अमेरिकी संगणकतज्ज्ञ १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सिनेमासाठी संगणकी चित्रं करण्याच्या कामात होता. ती फार यांत्रिक दिसतात म्हणून त्याने एक सूत्र शोधलं. १९८५ साली त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि १९९७ साली ऑस्कर देणाऱ्या अकादमीने त्यासाठी त्याला तांत्रिक पुरस्कार दिला.

सूत्राची कल्पना अवघड नाही. आधी लांबच लांब, मऊ लाटा घ्यायच्या. समजा लांबी २,००० किमी आणि उंची २,००० मीटर. त्यावर दुसरा थर: लांबी निम्मी, उंची निम्मी. तिसरा थर ५०० किमी आणि ५०० मीटर. असं करत गेलं की दहाव्या थराला लाट चारेक किमीवर येते आणि चित्रात खंड, द्वीपसमूह, खाड्या, टेकड्या सगळं दिसायला लागतं. हे दिसण्यामागे खरं कारण आहे. बेनवा मँडेलब्रो या गणितज्ञाने १९६७ साली ब्रिटनच्या किनाऱ्याच्या लांबीवर लेख लिहिला. किनारा जितक्या छोट्या पट्टीने मोजावा तितका तो लांब भरतो, कारण मोठ्या वळणाच्या आत छोटी वळणं असतात आणि त्यांच्या आत आणखी छोटी. नॉइजचे थर नेमकं हेच करतात.

पण नॉइजने केलेला डोंगराळ भाग उलटा करून बघा, म्हणजे काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. फारसा फरकच पडत नाही. खऱ्या डोंगररांगेचं असं केलं तर लगेच ओळखू येतं, कारण दऱ्या एकमेकींना मिळत मिळत मोठ्या होत जातात आणि शिखरं तसं काही करत नाहीत. पाणी खाली जातं, वर जात नाही. ही दिशा नॉइजला ठाऊकच नसते. दुसरी अडचण खळग्यांची. नॉइजमध्ये हजारो बंद खळगे पडतात, ज्यांतून पाण्याला बाहेर पडायची वाट नसते. पावसाळी मुलखात असे खळगे फार टिकत नाहीत. ते पाण्याने भरतात, काठावरून पाणी वाहतं, वाहणारं पाणी काठ कापतं, नाहीतर गाळाने खळगाच बुजतो. आणि तिसरी अडचण म्हणजे नॉइज सगळीकडे सारखा असतो. हिमालय आणि बंगालचा गाळपट्टा शेजारी शेजारी असू शकतात हे त्याला जमत नाही.

एक तांत्रिक गोष्ट इथेच सांगतो, कारण नंतर दुरुस्त करणं जिकिरीचं जातं. ग्रह गोल आहे. सपाट चित्रावर नॉइज टाकून ते गोलावर चढवलं तर १८० रेखांशावर शिवण दिसते आणि ध्रुवांवर सगळं आवळून चिमटलं जातं. म्हणून प्रत्येक पिक्सेलच्या अक्षांश-रेखांशावरून गोलावरच्या त्या बिंदूचे एक्स, वाय, झेड काढायचे आणि त्रिमितीय नॉइजमधून त्या जागेची किंमत घ्यायची. शिवणही जाते आणि ध्रुवही नीट राहतात. ज्या प्रोग्रामला हे जमत नाही तो एखाद्या बेटाच्या नकाशाला चालेल, अख्ख्या ग्रहाला नाही.

जमिनीखालून सुरुवात

पृथ्वीवरच्या सगळ्या जागांची उंची मोजून आलेख काढला तर त्याला दोन उंचवटे येतात. एक समुद्रसपाटीच्या थोडा वर, दुसरा चार-पाच किमी खोल. जमिनीची सरासरी उंची सुमारे ८४० मीटर, महासागरांची सरासरी खोली सुमारे ३,७०० मीटर, आणि मधल्या उंचीच्या जागा कमी. याचं कारण कवच दोन जातींचं आहे. खंडांखालचं कवच हलकं आणि साधारण ३५ किमी जाड. महासागरांखालचं जड आणि जेमतेम सात किमी जाड. दोन्ही खालच्या प्रावरणावर, म्हणजे कवचाखालच्या जड खडकाच्या जाड थरावर, तरंगतात, पाण्यावर जाडा आणि बारीक ओंडका शेजारी तरंगावा तसे. जाडा ओंडका वरही जास्त दिसतो आणि खालीही जास्त बुडतो. हे लक्षात यायला भारताच्या सर्वेक्षणाची मदत झाली. हिमालयाच्या ओढीने ओळंबा जितका कलायला हवा होता, त्यापेक्षा बराच कमी कलत होता. जॉन प्रॅट आणि जॉर्ज एअरी या दोघांनी १८५०च्या दशकात त्याचं आपापल्या परीने स्पष्टीकरण मांडलं. पर्वताला खाली हलक्या खडकाचं मूळ असतं, ही कल्पना एअरीची.

नकाशा करणाऱ्याला यातून एक फार उपयोगी चाचणी मिळते. आपल्या हाइटमॅपचा असाच आलेख काढायचा. नुसत्या नॉइजने केलेल्या ग्रहाला एकच उंचवटा येतो, मधोमध. शुक्राचा आलेखही एकाच उंचवट्याचा आहे आणि तिथे पृथ्वीसारखे सरकते भूपट्ट, म्हणजे कवचाचे एकमेकांना लागून सरकणारे प्रचंड तुकडे, नाहीत. म्हणून अरुणावर खंड आणि महासागर हवे असतील तर आधी दोन जातींचं कवच वाटून घ्यायचं: खंडाला पायाची उंची ४०० ते ५०० मीटर, सागरतळाला उणे ४,००० मीटर, आणि दोहोंमध्ये सौम्य उताराची समुद्रबूड जमीन व तिच्या टोकाला एकदम घसरणारा खंडान्त उतार.

मग भूपट्ट. अरुणासाठी आठ-दहा पुरतात. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांच्या पुढाकाराने तयार झालेलं जीप्लेट्स नावाचं मोफत सॉफ्टवेअर खऱ्या भूपट्टांच्या अभ्यासासाठी आहे, पण काल्पनिक भूपट्टही त्यात गोलावर सरकवता येतात. गोलावर सरकणं म्हणजे एका अक्षाभोवती फिरणं. त्यामुळे एकाच सीमेच्या एका टोकाला वेग जास्त आणि दुसऱ्या टोकाला कमी पडतो, आणि डोंगररांगही एका टोकाला दणकट, दुसऱ्या टोकाला विरळ होते. हाताने काढलेल्या नकाशात हे आपोआप सुचत नाही. पृथ्वीवर हे वेग वर्षाला काही सेंटिमीटर एवढेच असतात.

अरुणाच्या एका खंडाच्या पूर्व किनाऱ्याकडे जवळून बघू. तिथे सागरतळाचा भूपट्ट खंडाखाली घुसतोय. किनाऱ्याला समांतर समुद्रात सात-आठ किमी खोल गर्ता येईल. गर्तेपासून दोनेकशे किमी आत, तिलाच समांतर, ज्वालामुखींची रांग येईल. रांगेमागे उंच पठार. पश्चिम किनारा मात्र शांत: रुंद समुद्रबूड जमीन, सखल मैदान, मोठ्या नद्यांची मुखं. दक्षिण अमेरिका नेमकी अशी आहे, फक्त दिशा उलट्या. अँडीज पश्चिमेला चिकटून आहे, म्हणून ॲमेझॉनचा उगम पॅसिफिकपासून २०० किमीच्याही आत असून तिचं पाणी जातं अटलांटिकला. रांगेची जागा ठरली की अर्ध्या खंडाच्या नद्यांची दिशा ठरते, ती अशी.

आपल्या गोदावरीचंही वरवर तसंच आहे. त्र्यंबकेश्वराहून अरबी समुद्र १०० किमीच्या आत, तरी ती १,४६५ किमी चालत बंगालच्या उपसागराला जाते. पण कारण वेगळं आहे आणि ते समजून घेण्यासारखं आहे. सह्याद्री दोन भूपट्टांच्या टकरीतून वर आलेला नाही. भारत मादागास्करपासून आणि पुढे सेशेल्सपासून फाटून निघाला त्या फाटीची ही उचललेली कड आहे. पठार पूर्वेला कललेलं आहे आणि पश्चिमेचा कडा झिजत झिजत आत सरकला आहे. म्हणजे ‘शांत’ किनाऱ्यावरही कडा असू शकतो, फक्त त्याचा आकार निराळा: एका बाजूने भिंत आणि दुसऱ्या बाजूने हळूहळू उतरत जाणारं पठार. दोन्ही बाजूंनी सारखा उतार दिला तर तो सह्याद्री होत नाही.

शिवाय हा दगड थराथराचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले. काही थर टणक, काही ठिसूळ. म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आणि माथ्याला सपाट, म्हणून माथ्यावर किल्ल्याला जागा आणि खाली ताशीव कातळकडा. कोणताही नॉइज हे स्वतःहून देणार नाही. अरुणावर असा प्रांत हवा असेल तर तेवढ्या भागापुरता खडकाचा टणकपणा उंचीनुसार बदलता ठेवायचा: साठेक मीटर टणक, वीसेक मीटर ठिसूळ, पुन्हा टणक. पुढे पाण्याने झीज केली की पायऱ्या आपोआप पडतात.

वय विसरू नका. हिमालय घडवणारी टक्कर सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली आणि अजून चालू आहे. उरल पर्वत त्याहून कितीतरी जुना, खंडाच्या मधोमध, आणि त्याचं सर्वोच्च शिखर १,९०० मीटरच्या आतलं. अरुणाच्या प्रत्येक खंडावर निदान एक तरी अशी झिजलेली, आता कुठल्याच भूपट्टाच्या सीमेवर नसलेली रांग ठेवा. सगळे डोंगर तरुण असले की ग्रह कालच जन्मल्यासारखा दिसतो.

उंचीला मर्यादा किती? गुरुत्वाकर्षण कमी तितका डोंगर उंच टिकू शकतो. मंगळावर ते पृथ्वीच्या ३८ टक्के आहे आणि तिथला ऑलिंपस मॉन्स जवळजवळ २२ किमी उंच आहे. त्याला आणखी एक कारण आहे: मंगळावर भूपट्ट सरकत नाहीत, त्यामुळे एकच ज्वालामुखी एकाच जागी लाव्हा ओतत राहिला. पृथ्वीवर भूपट्ट सरकतो आणि हवाईसारखी बेटांची माळ तयार होते. अरुणाला ८० टक्के गुरुत्वाकर्षण, म्हणून एव्हरेस्टच्या सव्वापट, साधारण ११ किमी ही कमाल मर्यादा धरावी. मर्यादा म्हणजे सर्वोच्च शिखर. सगळ्या रांगा तिथे नेऊन ठेवायच्या नाहीत.

पाऊस कुठे पडतो

झीज करायला पाणी लागतं, म्हणून पावसाचा नकाशा झिजेच्या आधी. पृथ्वीवर विषुववृत्तापाशी हवा वर चढते, पाऊस टाकते आणि ३० अंशांच्या आसपास कोरडी होऊन खाली उतरते. सहारा आणि कालाहारी या पट्ट्यांतच आहेत. ग्रह जितका सावकाश फिरेल तितका हा पट्टा ध्रुवांकडे सरकतो. शुक्रावर हे चक्र ६० अंशांच्या आसपास पोचतं. अरुणाचा दिवस २४ तासांचा असल्याने पृथ्वीचे पट्टे थोड्याफार फरकाने चालतील.

पट्ट्यांवर डोंगरांचा परिणाम चढवायचा. रीत सोपी आहे: वाऱ्याच्या दिशेने समुद्रावरून एकेक पिक्सेल चालत यायचं, सोबत १०० एकक बाष्प. जमीन चढली की चढाच्या प्रमाणात बाष्प पावसात घालायचं, सपाटीवर थोडंसं, उतारावर जवळजवळ नाही. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिमीच्या वर पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातला माण तालुका दुष्काळी आहे, हे या साध्या हिशेबातून बरंचसं कळतं. पर्जन्यछायेचा प्रदेश रांगेच्या कुठल्या अंगाला येणार ते वारा ठरवतो, म्हणून एकाच डोंगररांगेची ओली बाजू विषुववृत्ताजवळ एक आणि मध्य अक्षांशांत दुसरी असू शकते. अँडीजमध्ये असंच आहे. तापमानासाठी दर किमी उंचीला साधारण ६.५ अंश सेल्सिअस वजा करायचे. बर्फाची रेषा त्यावरून मिळते.

पाणी

सगळा नकाशा जिथे पटतो किंवा फसतो ती जागा ही. पहिलं काम: प्रत्येक पिक्सेलचं पाणी कुठे जातं ते ठरवणं. सर्वांत साधी रीत अशी की आठ शेजाऱ्यांपैकी ज्याच्याकडे उतार सर्वांत तीव्र, तिकडे पाणी. सर्वांत खोल शेजारी आणि सर्वांत तीव्र उतार या दोन गोष्टी एक नव्हेत. समजा मधल्या पिक्सेलची उंची ६४० मीटर. उजवीकडचा शेजारी ६१८, उजवीकडे खालच्या कोपऱ्यातला ६१२, बाकीचे सगळे ६४० च्या वर. कोपऱ्यातला जास्त खोल आहे, उतरण २८ मीटर. पण कोपरा १.४१ पट लांब असतो, म्हणून तिथला उतार भरतो साधारण २०. उजवीकडचा भरतो २२. पाणी उजवीकडे जाईल. हा भागाकार विसरला की नद्या तिरप्या रेषांत धावायला लागतात, आणि नकाशा कितीही रंगवला तरी त्या तिरप्या रेषा लपत नाहीत.

याआधी खळगे भरून घ्यायचे. समुद्राच्या काठापासून आत येत, प्रत्येक खळग्याचा सर्वांत सखल काठ शोधायचा आणि तिथपर्यंत तो भरायचा. जिथे पाऊस भरपूर आहे तिथे हे भरलेले खळगे म्हणजे तळी, आणि प्रत्येक तळ्याला बाहेर पडायची वाट एकच. दोन असल्या तर ज्या वाटेने जास्त पाणी जातं ती लवकर खोल होते आणि दुसरी कोरडी पडते. जिथे पाऊस बाष्पीभवनापेक्षा कमी तिथे खळगा बंद राहू द्यायचा, आणि त्यातलं पाणी खारं. कॅस्पियन आणि मृत समुद्र असे आहेत. आपलं लोणारही तसंच, फक्त तो खळगा उल्कापाताने पडलेला, साधारण १.८ किमी व्यासाचा.

आता सर्वांत उंच पिक्सेलपासून सुरुवात करून प्रत्येकाने आपला पाऊस आणि वरून आलेलं पाणी खालच्याला द्यायचं. शेवटी प्रत्येक पिक्सेलवर त्याच्या वरच्या अख्ख्या पाणलोटाची बेरीज मिळते. ठरावीक आकड्याच्या वर गेलेले पिक्सेल निळे केले की झाडासारखं नद्यांचं जाळं पहिल्यांदा डोळ्यांसमोर उभं राहतं. या सगळ्या कामात मला सर्वांत जास्त आनंद देणारा क्षण हाच आहे, कारण हे कोणी काढलेलं नसतं. हाताने एकही रेघ न मारता खोरी आणि जलविभाजक ठरलेले असतात.

मग झीज. नियम एका वाक्याचा: पाणी जितकं जास्त आणि उतार जितका तीव्र, तितकी नदी खाली कापते. भूशास्त्रज्ञ पाणलोटाच्या क्षेत्रफळाचं साधारण वर्गमूळ घेऊन ते उताराने गुणतात आणि त्याला खडकाच्या ठिसूळपणाचा आकडा लावतात. प्रत्येक फेरीत भूपट्टांच्या नकाशावरून रांगेला थोडं वर उचलायचं, मग या नियमाने कापायचं, मग पाण्याच्या वाटा पुन्हा ठरवायच्या. शेकडो फेऱ्या. हळूहळू नदीचा काप उगमापाशी उभा आणि मुखापाशी आडवा होत जातो, दऱ्यांमधल्या कडा धारदार होतात, ओल्या बाजूची झीज जास्त होऊन जलविभाजक कोरड्या बाजूला सरकतो. टणक थर लागला की धबधबा पडतो आणि फेरीगणिक मागे मागे जातो.

नदीने डोंगररांग आरपार कापणं इथे शक्य आहे, पण ते कमावावं लागतं. सिंधू आणि ब्रह्मपुत्रा हिमालय कापून जातात कारण डोंगर उठत असताना नदी तिथे आधीच वाहत होती आणि उठण्याच्या वेगाने कापत राहिली. उचल सावकाश ठेवली तर अरुणावरही अशी एखादी नदी आपसूक निघेल. नदीला फाटे फुटण्याचंही तसंच: त्रिभुज प्रदेश सोडला तर ते दुर्मीळ. व्हेनेझुएलात ओरिनोकोचा एक फाटा, कासिकियारे, ॲमेझॉनच्या खोऱ्यात जातो. अख्ख्या ग्रहावर असं एखादं उदाहरण ठेवा.

कापलेला माल कुठेतरी पडायला हवा. उतार कमी झाला की गाळ टाकायचा. पायथ्याला पंख्याच्या आकाराचे गाळाचे ढीग, मग मैदान, मुखाशी त्रिभुज प्रदेश. गाळ न टाकणारे प्रोग्राम बरेच आहेत. त्यांचे डोंगर सुरेख दिसतात आणि मैदानं फार वाईट. वरच्या अक्षांशांत हिमनद्यांनी रुंद तळाच्या दऱ्या खणलेल्या असतात. नॉर्वे आणि चिलीच्या दक्षिणेचे फ्योर्ड, म्हणजे समुद्राचं पाणी शिरलेल्या अशा दऱ्या, तसेच झाले. ५० अंशांच्या पुढे किनारा जास्त फाटका आणि विषुववृत्ताजवळ त्या मानाने सरळ, एवढा फरक केला तरी नकाशाचा तोल सुधारतो.

किनाऱ्यासाठी एक युक्ती मी आवर्जून सुचवीन. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी पृथ्वीवर समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती, तेव्हा नद्यांनी खालपर्यंत दऱ्या कापल्या. पाणी चढलं आणि दऱ्यांची तोंडं बुडाली. आपल्या कोकणातल्या खाड्या अशा बुडालेल्या दऱ्यांमधूनच झाल्या. म्हणून झिजेच्या शेवटच्या फेऱ्या समुद्र उणे १२० मीटरवर ठेवून चालवायच्या आणि मग पाणी शून्यावर आणायचं. खाड्या नदीच्या मुखाशीच येतात, वाटेल तिथे नाही.

आणि आता नॉइज. पिक्सेलहून थोड्याच मोठ्या आकाराचा, डोंगरात जास्त आणि मैदानात जवळजवळ शून्य. नद्यांच्या पिक्सेलवर अजिबात नाही, नाहीतर पुन्हा खळगे पडतील.

आकडे, उजेड, रंग

अरुणाचा नकाशा ८,१९२ पिक्सेल रुंद असेल तर विषुववृत्तावर एक पिक्सेल म्हणजे ३.९ किमी. या मापात पन्नासेक किमी रुंदीचं कोकण जेमतेम १३ पिक्सेलचं होतं आणि सह्याद्रीचा कडा एका पिक्सेलचा. ग्रहाच्या नकाशावर घळ दाखवायचा हट्ट म्हणूनच सोडावा.

हाइटमॅप जतन करताना ८ बिटची फाइल कधीही घेऊ नका. तिच्यात २५६ पायऱ्या असतात. सर्वांत खोल गर्तेपासून सर्वोच्च शिखरापर्यंत २० किमी अंतर धरलं तर एक पायरी ७८ मीटरची, आणि मैदानात भाताच्या खाचरांसारखे बांध दिसायला लागतात. १६ बिटमध्ये ६५,५३६ पायऱ्या, म्हणजे एक पायरी ३० सेंटिमीटरची.

डोंगरांवरचा उजेड वरच्या डाव्या कोपऱ्यातून टाकायचा. खालून टाकला तर पुष्कळांना दऱ्या डोंगरासारख्या आणि डोंगर दऱ्यांसारखे दिसतात. एदुआर्द इमहोफ या स्विस नकाशाकाराने असे छायांकित नकाशे करण्यात आयुष्य घालवलं. मोठ्या रांगा ठळक आणि बारीक तपशील फिका ठेवणं, प्रत्येक रांगेच्या दिशेप्रमाणे उजेड थोडा फिरवणं, हे त्याच्या नकाशांवरून शिकता येतं. रंगांच्या बाबतीत माझं ठाम मत आहे की सखल तेवढं हिरवं ही शालेय नकाशाची रीत काल्पनिक ग्रहाला लावू नये. मृत समुद्राचा काठ समुद्रसपाटीच्या ४०० मीटरहून खाली आहे आणि तिथे वाळवंट आहे. बघणारा हिरवं पाहिलं की जंगल समजतो. पावसाचा नकाशा आपल्याकडे आहेच, रंग त्यावरून घ्यावा.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात: झिजेसाठी विल्बर, गाया, वर्ल्ड मशीन, मोजमाप आणि प्रक्षेपणासाठी (गोल पृष्ठभाग सपाट नकाशावर मांडण्यासाठी) क्यूजीआयएस, गोल फिरवून बघण्यासाठी ब्लेंडर. विल्बर, क्यूजीआयएस आणि ब्लेंडर मोफत आहेत. त्यांतलं एक नीट शिकलं तरी पुष्कळ होतं. गोल दाखवताना उंची वाढवून दाखवावीच लागते, कारण ३० सेंटिमीटर व्यासाच्या पृथ्वीगोलावर एव्हरेस्ट खऱ्या प्रमाणात जेमतेम ०.२ मिलिमीटर भरेल. फक्त ही वाढ दाखवण्यापुरती ठेवावी. मूळ फाइलमधले आकडे मीटरमध्ये आणि खरेच राहू द्यावेत.

पुढे कथेसाठी एखाद्या राज्याचा मोठा नकाशा लागतोच. ग्रहाच्या नकाशातला तेवढा तुकडा कापून नुसता मोठा केला तर तो धुरकट होतो. तुकडा आधी त्या जागेला साजेशा प्रक्षेपणात आणायचा, एक पिक्सेल १०० मीटरवर येईल असा ताणायचा, बारीक नॉइज टाकायचा आणि झीज पुन्हा चालवायची. यात ग्रहाच्या नकाशावरच्या मोठ्या नद्या जिथून तुकड्यात शिरतात आणि जिथून बाहेर पडतात, ते बिंदू आणि त्यांची उंची पक्की बांधून ठेवायची, आणि आत शिरणाऱ्या नदीला वरच्या पाणलोटाचं सगळं पाणी सुरुवातीलाच द्यायचं. हे दिलं नाही तर शेकडो किमी चालून आलेली नदी या तुकड्यात ओढ्याएवढी दरी कापते, आणि शेजारच्या राज्याचा नकाशा जोडला की सीमेवर दोन वेगळ्या नद्या समोरासमोर येतात.